युजेबिलिटी टेस्ट नेमकी कुठे फसते: तयारीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत

"आम्ही युजेबिलिटी टेस्ट घेतली, सगळ्यांना ॲप आवडलं." असं कुणी सांगितलं की मी विचारतो, त्यांना काम काय दिलं होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं की काम असं काही नव्हतं. ॲप दाखवलं, थोडं समजावलं आणि कसं वाटलं ते विचारलं. याला टेस्ट म्हणत नाहीत. समोर बसून चहा पाजणाऱ्याला "तुमचं काम जमलेलं नाही" असं आपल्याकडे कुणी तोंडावर सांगत नाही. "छान आहे" म्हणतात, फोन परत देतात आणि घरी गेल्यावर ॲप काढून टाकतात.

माणसाला खरं काम द्यायचं, तो ते कसं करतो ते बघायचं आणि मध्ये पडायचं नाही, इतकीच ही टेस्ट. तरीही ती वारंवार फसते. कारण टेस्ट सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, माणसं निवडताना आणि कामं लिहिताना, बरंचसं बिघडून गेलेलं असतं.

शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतो: गावातल्या दूध संस्थेचं सॉफ्टवेअर. संकलन केंद्रावर सचिव डेस्कटॉपवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवतो. सभासद आपलं दहा दिवसांचं बिल मोबाईल ॲपवर बघतो. संस्थेची एक वेबसाइट आहे, तिथून दरपत्रक उतरवून घेता येतं. डेस्कटॉप, मोबाईल आणि वेबसाइट तिन्ही एका ठिकाणी आले, आणि तिन्हींच्या अडचणी वेगळ्या आहेत.

## टप्पा १: प्रश्न कागदावर उतरवा

"ॲप वापरायला सोपं आहे का?" हा प्रश्न घेऊन टेस्टला बसू नका. उत्तर काहीही आलं तरी सोमवारी कुणी काय बदलायचं ते कळत नाही. प्रश्न असा हवा: "बिल कमी आलं तर त्याचं कारण सभासदाला स्वतःला सापडतं, की तो केंद्रावर येऊन सचिवाशी हुज्जत घालतो?" असे दोन-तीन प्रश्न पुरेत. प्रत्येकापुढे लिहा की उत्तर 'सापडत नाही' आलं तर काय बदलायचं आणि ते कोण बदलणार. कुणाचीच तयारी नसेल तर तो प्रश्न खोडा. लोकांचा वेळ घेऊन हाती काहीच लागणार नाही.

आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात युजेबिलिटी तीन अंगांनी बघितली आहे: काम तडीस जातं का, त्याला किती वेळ आणि खटाटोप लागतो, आणि वापरणाऱ्याचं समाधान होतं का. तेही ठरावीक माणसं, ठरावीक काम आणि ठरावीक परिस्थिती धरून. त्यामुळे "कोण, कोणतं काम, कुठे बसून" हे तीन रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आधी हे तपासा: फूटपट्टीने मोजता येतं त्यासाठी माणसं बोलावू नका. अँड्रॉइडवर बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, ठेवायला सांगतात. आयफोनवर ४४ पॉइंट. वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक नियमांत, किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरचं मोजमापाचं एकक) दिले आहेत. अक्षरं पार्श्वभूमीवर उठून दिसतात का, फोनचा फॉन्ट मोठा केल्यावर मजकूर कापला जातो का, हेही आपल्या टेबलावर बसून बघून घ्या. हे न करता माणसं बोलावलीत तर पाचही जण त्याच बारक्या बटणावर अडतील आणि त्यामागचं काहीच दिसणार नाही.

## टप्पा २: माणसं शोधा

इथे पहिली मोठी चूक होते. संस्थेला सांगितलं की अध्यक्ष स्वतःहून पाच "हुशार पोरं" पाठवतात. त्यातला एक कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, एक अध्यक्षांचा पुतण्या. रोज दूध घालणारं त्यात कुणीच नसतं.

किती माणसं हवीत? जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर या युजेबिलिटीच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के दिसतात. "पाच माणसं पुरे" हे वाक्य तिथून आलं. मात्र ३१ हा सरासरी आकडा आहे. दहातल्या एकालाच भेडसावणारी अडचण पाच जणांच्या फेरीत दिसण्याची शक्यता ४१ टक्केच असते. म्हणून एका फेरीला पाच माणसं ठीक, पण फेऱ्या एकाहून जास्त हव्यात. आणि सचिव व सभासद हे दोन वेगळे गट आहेत. तीन सचिव आणि दोन शेतकरी मिळून पाच धरू नका. प्रत्येक गटाचे पाच वेगळे.

निवडताना कौशल्य विचारू नका, सवय विचारा. "स्मार्टफोन येतो का?" याला सगळे हो म्हणतात किंवा लाजून नाही म्हणतात. त्याऐवजी:

- शेवटचं फोनवरून पैसे कधी पाठवलेत? कुणाला?
- दूध घालायला केंद्रावर घरातलं कोण जातं?
- बिलाची पावती घरी कोण तपासतं?

तिसरा प्रश्न मी एकदा सहज विचारला आणि यादी बदलावी लागली. खातं नवऱ्याच्या नावावर, दूध घालायला सासू जाते, आणि पावती वहीत चिकटवून हिशेब ठेवते ती सून. ॲप तिच्यासाठी बनवायचं होतं आणि आमच्या यादीत तिचं नाव कुठेच नव्हतं.

वेळ ठरवताना सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या वेळा टाळा. पाच हवे असतील तर सहा बोलवा. एकाची म्हैस आजारी पडतेच. आलेल्याला वेळेचे आणि येण्या-जाण्याचे पैसे द्या, आणि ते सुरुवातीलाच हातात द्या. शेवटी मिळणार म्हटलं की माणूस आपल्याला खूश ठेवायला बघतो.

सावधान: नावं, फोन नंबर, रेकॉर्डिंग हा सगळा वैयक्तिक डेटा आहे. काय रेकॉर्ड होणार, कोण बघणार, कधी पुसणार हे मराठीत एका पानावर लिहून द्या, वाचून दाखवा आणि मग सही घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालचं कुणीही बालकच. त्यांच्यासाठी पालकांची संमती लागते, मग मुलगा फोन कितीही सराईतपणे चालवत असो.

## टप्पा ३: कामं लिहा

अर्धी टेस्ट इथे ठरते, म्हणून इथे घाई नको.

स्क्रीनवर 'कपात तपशील' असं बटण आहे. नवखा माणूस काम असं लिहितो: "कपात तपशील मध्ये जाऊन पशुखाद्याची कपात बघा." समोरचा माणूस ते दोन शब्द शोधतो, सापडले की दाबतो, आणि आपण खूश. यात डोळे शाबूत आहेत एवढंच सिद्ध झालं. घरी त्याला कुणी "कपात तपशील" असं सांगणार नसतं. त्याच्या मनात वेगळंच असतं: पैसे कमी का आले?

तेच काम असं लिहा:

"१ ते १० तारखेच्या बिलाचे ६,२४० रुपये येतील असं तुम्ही धरलं होतं. खात्यात ४,७९० आले. फरक कशाचा आहे ते ॲपमध्ये शोधा आणि मला सांगा."

यात स्क्रीनवरचा एकही शब्द नाही. काम का करायचं ते कळतं. आणि शेवट पक्का आहे: "पेंडीचे १,४५० कापले" असं तो तोंडाने म्हणाला की काम झालं. प्रत्येक कामापुढे हा शेवट आधी लिहून ठेवा. नाहीतर नंतर टीममध्ये वाद होतो की तो त्या स्क्रीनवर पोचला होता म्हणजे झालंच ना. पोचला होता, पण बघून परत फिरला. झालं नाही.

सचिवासाठी एक काम: "सभासद क्रमांक ११४ चं सकाळचं दूध गाईच्या ऐवजी म्हशीच्या खात्यात पडलं. तो समोर उभा आहे. दुरुस्त करा." वेबसाइटसाठी: "या महिन्याचं गाईच्या दुधाचं दरपत्रक मुलाच्या फोनवर पाठवायचं आहे." दुसऱ्यात उतरवलेली पीडीएफ फाइल फोनमध्ये परत शोधणं आपोआप येतं, आणि लोक खरे अडतात ते तिथेच.

पाऊण तासात पाच-सहा कामं बसतात. पहिलं अगदी सोपं ठेवा, हात मोकळा होतो. पुढची कामं माणसागणिक आलटून-पालटून द्या, कारण तिसरं काम करताना चौथ्याचा रस्ता दिसून जातो. नेहमीच शेवटी ठेवलेलं काम मग विनाकारण सोपं वाटतं.

तपासा: कामातल्या आकड्यांचा डेटा सिस्टीममध्ये खरंच भरला आहे का? ६,२४० वजा १,४५० हे ४,७९० होतात का? शेतकरी हा हिशेब तुमच्याआधी मनात करतो. आकडा चुकला तर तो ॲप सोडून तुमची बेरीज तपासत बसतो. आणि प्रत्येक माणसानंतर डेटा मूळ स्थितीत आणायची सोय ठेवा. पहिल्या सचिवाने ११४ ची नोंद दुरुस्त केली तर दुसऱ्याला दुरुस्त करायला काहीच उरत नाही.

## टप्पा ४: जागा आणि यंत्रं मांडा

मोबाईल. शक्य असेल तर त्याच्याच फोनवर घ्या. तुमच्या नव्या फोनवर सगळं सुरळीत चालतं. त्याच्या फोनवर काच तडकलेली, जागा भरलेली, फॉन्ट मोठा, कीबोर्ड इंग्रजी आणि नेटवर्क गोठ्यापाशीच येतं. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्डर असतो. बोट कुठे टेकलं ते दाखवायची सोयही त्यात असते. सुरू करताना विचारलं जातं, तेव्हा ती चालू करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये स्क्रीन आपोआप बदलते आणि का बदलली ते कळत नाही.

इथे एक सापळा आहे. पैशांशी संबंधित बऱ्याच ॲप्समध्ये सुरक्षेसाठी रेकॉर्डिंग बंद केलेलं असतं. नंतर बघाल तर पूर्ण काळा पडदा. तुमच्या ॲपमधून पेमेंटसाठी दुसरं ॲप उघडत असेल तर तेवढा भाग काळा येऊ शकतो. उपाय साधा: टेबलावर स्टँड लावून दुसऱ्या फोनचा कॅमेरा वरून हातांवर धरा. चेहऱ्यापेक्षा हात जास्त सांगतात. अंगठा बटणावर येऊन अधांतरी थांबतो तो क्षण स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये कधीच पकडता येत नाही.

सावधान: लोकांच्या फोनमध्ये विकासक पर्याय (डेव्हलपर ऑप्शन्स, ॲप बनवणाऱ्यांसाठीची सेटिंग्ज) चालू करू नका. काही बँकांची ॲप्स मग उघडत नाहीत, आणि तुम्ही निघून गेल्यावर तो माणूस हवालदिल होतो. रेकॉर्डिंगच्या आधी 'व्यत्यय आणू नका' चालू करायला सांगा. कुटुंबाच्या ग्रुपवरचे निरोप तुमच्या व्हिडिओत यायचं कारण नाही.

डेस्कटॉप. सचिवाला तुमच्या ऑफिसात बोलावू नका, केंद्रावर जा. तिथे वजनकाट्याची वायर, फॅट मशीन, पावतीचा प्रिंटर आणि कीबोर्डवर साचलेली धूळ असते. सराईत सचिव माउसला हात लावत नाही: क्रमांक, एंटर, लिटर, एंटर, फॅट, एंटर, नजर दुधाच्या किटलीवर. तुमच्या नव्या आवृत्तीत एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात जाण्याऐवजी नोंद सेव्ह होत असेल तर ते कुठल्याच बैठकीत कळणार नाही. केंद्रावर दोन मिनिटांत कळतं.

रेकॉर्डिंगला विंडोजमधला गेम बार वापरणार असाल तर लक्षात ठेवा, तो एकाच प्रोग्रॅमची खिडकी टिपतो. डेस्कटॉप आणि फाइल एक्स्प्लोरर टिपत नाही. सचिव बॅकअप शोधायला फोल्डर उघडतो आणि नेमका तोच भाग रेकॉर्डिंगमध्ये नसतो. पूर्ण स्क्रीन टिपायला ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या, ते मोफत आहे. सॉफ्टवेअर बसवणं हेही एक काम म्हणून द्या. विंडोजची निळी इशाऱ्याची चौकट आली की निम्मे लोक तिथूनच परत फिरतात, आणि टेस्टवाले मात्र आधीच सगळं बसवून ठेवतात.

मराठी शोध मात्र इथे आवर्जून तपासा. 'पाटील' ऱ्हस्व लिहिलेलं सापडतं का? त्याहून अवघड 'कऱ्हाडकर'. हा ऱ् युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत) दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डने नुक्त्याच्या र पासून, दुसऱ्याने साध्या र ला हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगवेगळे. यादीत नाव समोर दिसतंय आणि शोधल्यावर "सभासद सापडला नाही" असं येतं. सचिव स्वतःलाच दोष देतो: "माझंच टायपिंग चुकलं असेल." तुम्ही तसं मानू नका.

वेबसाइट. मुखपृष्ठ उघडून देऊ नका. लोक व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून किंवा गुगलवरून थेट आतल्या पानावर येतात. टेस्टही तिथूनच सुरू करा. लिंक त्यांना निरोप म्हणून पाठवा. संगणकावर घेत असाल तर प्रत्येकासाठी ब्राउझरची नवी खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी, नाहीतर आधीच्याचं लॉगिन आणि भरलेले रकाने पुढच्याला आयते मिळतात. ऑफिसच्या वायफायवर तर घेऊच नका.

## टप्पा ५: रंगीत तालीम

एक दिवस आधी, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एका माणसाबरोबर सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा. संमतीचा कागद, पैशांचं पाकीट, रेकॉर्डिंग, सगळी कामं, डेटा परत मूळ स्थितीत आणणं. हा टप्पा वगळणाऱ्याचा पहिला खरा माणूस तालमीतच खर्ची पडतो.

तपासा: तालमीचं रेकॉर्डिंग उघडून ऐका. पंख्याच्या घरघरीत आवाज विरला असेल तर माइक जवळ घ्या.

## टप्पा ६: पहिली पाच मिनिटं

माणूस आला की आधी पाणी, गप्पा, दुधाचा भाव. लगेच कामाला जुंपू नका. वयाप्रमाणे काका, मावशी, दादा, ताई म्हणा, आणि 'परीक्षा', 'चाचणी', 'टेस्ट' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारू नका. दहावीनंतर परीक्षेशी संबंध न आलेला माणूस तो शब्द ऐकताच आखडतो. मी असं म्हणतो:

"मावशी, हे ॲप अजून पूर्ण झालेलं नाही. तुम्ही वापरून बघितलंत तर कुठे चुकलंय ते आम्हाला कळेल. तुमचं काही चुकणार नाही. अडलात तर ती आमची चूक. वापरताना मनात जे येतं ते मोठ्याने बोलत राहा. मला विचारलंत तर मी लगेच सांगणार नाही, राग मानू नका. शेवटी सगळं सांगेन. कधीही कंटाळा आला तर थांबू."

मोठ्याने बोलत राहणं लोकांना विचित्र वाटतं, म्हणून आधी दाखवा. स्वतःच्या फोनवर उद्या पहाटे ४ चा गजर लावा आणि लावताना बोला: "घड्याळ कुठे गेलं... हे असेल... नाही, हे तर वाढदिवस दाखवतंय..." मावशी हसल्या की पुढचं सोपं.

खोलीत तुम्ही आणि नोंदी घेणारा एक, बस. बाकी टीम दुसरीकडे बसून स्क्रीन बघू दे. आमच्या एका फेरीत ॲप लिहिणारा मित्र मागे बसला होता. काकांचं बोट तिसऱ्यांदा चुकीकडे गेलं तेव्हा तो न राहवून म्हणाला, "अहो, वर आहे ना!" काकांनी त्यानंतर प्रत्येक पावलावर मागे वळून बघितलं. तो तास वाया गेला. घरी जाऊन टेस्ट घेताना हे काम नातू करतो. आजोबांच्या हातातून फोन काढून घेतो. त्याच्यासाठी आधीच काहीतरी उद्योग योजून ठेवा. मी एकाला गोठ्याचे फोटो काढायला पाठवलं होतं.

## टप्पा ७: बघा आणि गप्प बसा

काम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि वाचूनही दाखवा. मग हात मागे. समोरचा अडला की तुमची जीभ वळवळते. मनात वीसपर्यंत मोजा. बहुतेक वेळा पंधराव्या-सोळाव्या आकड्याला तो स्वतःच काहीतरी करतो, आणि ते काहीतरीच बघायला तुम्ही आलेला असता.

प्रश्न आला तर तो परत त्याच्याकडे वळवा.

- "हे दाबू का?" → "दाबलं तर काय होईल असं वाटतं?"
- "इथे काय करायचं?" → "मी इथे नसतो तर काय केलं असतंत?"
- बराच वेळ शांत → "आत्ता काय शोधताय?"
- काही अनपेक्षित आलं → "काय येईल असं वाटलं होतं?"

आणि हे कधीच म्हणू नका: "ते निळं बटण दिसलं नाही का?", "सोपं होतं ना?", "अगदी बरोबर!" शेवटचं निरुपद्रवी वाटतं, पण एकदा शाबासकी दिलीत की पुढच्या कामात शाबासकी आली नाही म्हणजे आपलं चुकलं असं तो धरतो.

मदत कधी करायची ते आधी ठरवा. मी दोन खुणा ठेवतो: तो म्हणाला की "घरी असतो तर सोडून दिलं असतं", किंवा एकाच ठिकाणी तीन मिनिटं गेली. तेव्हा काम 'झालं नाही' म्हणून नोंदवा आणि हसून पुढचं काढा. थोडं सुचवून पूर्ण करून घेतलंत तर ते 'झालं' मध्ये धरू नका. अहवालात हीच लबाडी सगळ्यात जास्त असते, आणि ती बहुधा नकळत होते.

काही माणसं बोलतच नाहीत. विशेषतः ज्येष्ठ, आणि नवऱ्यासमोर बसलेल्या बायका. त्यांना टोकत राहू नका. काम करू द्या, नंतर रेकॉर्डिंग दाखवून विचारा, "इथे तुम्ही थांबला होतात, तेव्हा मनात काय होतं?"

सावधान: माणूस बोलत-बोलत काम करत असेल तर घड्याळ लावू नका. बोलण्याने वेग बदलतो. वेळच मोजायची असेल, जसं सचिवाला रांग उभी असताना एका नोंदीला किती सेकंद लागतात, तर ती कामं वेगळी आणि न बोलता घ्या.

नोंदी कशा असाव्यात? "गोंधळला" ही नोंद नाही, तो तुमचा निष्कर्ष आहे. "परतचं बटण तीन वेळा दाबलं, म्हणाला 'हे तर मघाचंच'" ही नोंद. रकाने चारच: वेळ, काम, काय केलं, काय म्हणाला. अर्थाचा रकाना संध्याकाळी भरा.

## टप्पा ८: शेवटचे प्रश्न

कामं संपल्यावर पाच मिनिटं मोकळं बोलू द्या. तोपर्यंत "कसं वाटलं" विचारलेलं नसतं. आता विचारा, पण त्यावर फार विसंबू नका. तीन कामांत अडलेली माणसं इथे "छान आहे" म्हणताना मी पुष्कळ ऐकली आहेत.

आकडा हवाच असेल तर जॉन ब्रूक यांची १९८६ ची एसयूएस (सिस्टीम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली आहे: दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५. विषम क्रमांकांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकांचं उत्तर ५ मधून वजा करायचं, बेरजेला २.५ ने गुणायचं. गुण ० ते १०० मध्ये येतो आणि सरासरी साधारण ६८ धरतात. म्हणजे ६८ हे टक्के नाहीत आणि 'फर्स्ट क्लास'ही नाही. मराठीत करताना नकारार्थी विधानं जपून लिहा. "मला हे अवघड वाटलं नाही असं मी म्हणणार नाही" अशा वळणाचं वाक्य झालं की लोक मधला ३ निवडून मोकळे होतात.

खरं सांगायचं तर पाच माणसांच्या फेरीत मी ही प्रश्नावली भरूनच घेत नाही. त्याच कारणाने "८० टक्के यशस्वी" असंही लिहू नका. पाचांत चार जणांना जमलं, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा आकडा साधारण ३६ ते ९८ च्या दरम्यान आहे. "पाचांपैकी चौघांना जमलं" असंच लिहा.

शेवटी वचन पाळा. अडलेलं काम कसं करायचं ते दाखवा.

## टप्पा ९: त्याच संध्याकाळी जुळवणी

उद्यावर टाकू नका. दोन दिवसांनी सगळे काका एकमेकांत मिसळतात. टीमने एकत्र बसून प्रत्येक अडचण वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची, खाली कुणाकुणाला आली त्यांचे क्रमांक. नावं नकोत. मग तीन ढीग: अडला (काम झालंच नाही), अडखळला (झालं, पण फेऱ्या मारून), खटकलं (काम झालं, पण बोलून दाखवलं). अडचण किती गंभीर ते ठरवायला नील्सन यांची ० ते ४ अशी पट्टीही आहे. मात्र २ की ३ यावर वाद घालण्यात रात्र जाते.

पहिल्या ढिगातल्या चिठ्ठ्यांना आधी हात घाला, जरी ती अडचण एकाच माणसाला आलेली असली तरी. पैसे चुकीच्या खात्यात जात असतील तर पाचांपैकी एक हे पुष्कळ झालं.

उपाय लिहिताना लहानात लहान बदल शोधा. कपात सापडत नाही म्हणून पूर्ण ॲपची मांडणी बदलायचा मोह होतो, आणि दोन महिन्यांनी नव्या मांडणीत नव्या अडचणी येतात. बटणाचं नाव बदलून भागतं का ते आधी बघा.

तपासा: प्रत्येक चिठ्ठीला रेकॉर्डिंगमधला नेमका मिनिट जोडला आहे का? "असं कुणी करत नाही" म्हणणाऱ्यासमोर चाळीस सेकंदांचा तुकडा लावला की चर्चा आटोपते. वरिष्ठांसाठी वीस पानांचा अहवाल करण्यापेक्षा असे पाच तुकडे आणि एक पान पुरतं.

## टप्पा १०: दुरुस्ती आणि दुसरी फेरी

पंधरा माणसांचं बजेट असेल तर पंधरा एकदम बोलावू नका. पाच, दुरुस्ती, पाच, दुरुस्ती, पाच. दुसऱ्या फेरीत नवी माणसं घ्या. जुन्यांना रस्ता पाठ झालेला असतो. पहिल्या फेरीत फसलेली कामं तशीच्या तशी ठेवा, एक शब्दही न बदलता, आणि दुरुस्तीच्या आजूबाजूचं एक नवं काम घाला.

ते नवं काम कशासाठी, ते कपातीच्याच उदाहरणाने सांगतो. पहिल्या फेरीत पाचांपैकी एकालाच पेंडीचे १,४५० सापडले. आम्ही कपातीची ओळ आतल्या पानावरून उचलून बिलाच्या पहिल्याच स्क्रीनवर आणली, लाल अक्षरात. दुसऱ्या फेरीत पाचही जणांना ती चटकन दिसली. पण नवं काम होतं, "या बिलाचे हातात किती पडले?" त्यावर तिघांनी लाल आकड्यावर बोट ठेवून १,४५० सांगितलं. ४,७९० ची ओळ त्या लाल ओळीमुळे खाली सरकून स्क्रीनच्या बाहेर गेली होती. तिसऱ्या फेरीचं पहिलं काम आम्ही त्याच संध्याकाळी लिहून टाकलं.